कानामागचं हाड

सोमवार, २ सप्टेंबर

एकेहेदला पोचले एकदाची. दोन बॅगा, एक सायकल आणि आईने निघताना जबरदस्तीने हातात कोंबलेली जिरेनियमची कुंडी, एवढा माझा संसार. फलाटावर स्वागताला एक तपकिरी कुत्रा हजर होता. त्याने मला पायापासून वरपर्यंत हुंगलं, बरी दिसते असं ठरवलं आणि आपल्या वाटेने निघून गेला.

स्तुरे मात्र स्वतः न्यायला आला. एवढा नावाजलेला प्रोफेसर, पण स्वेटर कोपरावर विरलेला आणि सायकलची घंटा मोडकी. रस्ताभर त्याच्या तोंडाला खंड नव्हता. म्हणाला, उपसालाच्या विद्यापीठात तू कितीही शहाणी असलीस तरी इथे नव्या माणसाने पहिल्या शुक्रवारी घरचा केक आणायचा असतो, आणि विकतचा आणलास तर निवृत्त होईपर्यंत ऐकवू. मी विचारलं, घरचा बिघडला तर? तर म्हणे, मग तोही खाऊ आणि जास्त ऐकवू. मला माणूस आवडला.

प्रयोगशाळा जुन्या डेअरीत आहे. भिंतींवर अजून त्या काळच्या पांढऱ्या फरशा आहेत आणि पावसाळी हवेत म्हणे आंबट दुधाचा वास येतो. इथून आठ किलोमीटरवर दगडी थडगं आहे, पाच हजार वर्षांपूर्वीचं. या भागात पहिल्यांदा बार्ली पेरणाऱ्या एका घराण्याचं. आतली सव्वीस माणसं आमच्याकडे खोक्यांत आहेत आणि त्यांच्या हाडांतला डीएनए वाचून त्यांचे पूर्वज कुठून कुठून चालत आले ते शोधायचं, हे आमचं काम. स्वयंपाकघराच्या भिंतीवर युरोपचा मोठा नकाशा आहे. त्यावर अनातोलियापासून लाल लोकरीचा दोरा निघतो, डॅन्यूबच्या काठाने वर सरकतो आणि समुद्र ओलांडण्याआधीच, जर्मनीच्या किनाऱ्याशी संपतो. एकेहेदला नुसतीच टाचणी. मधला पल्ला कोणालाच सापडलेला नाही. स्तुरे बन चघळत सहज बोलून गेला की वसंतात इथे एक कायमची जागा निघणार आहे आणि जी हा दोरा टाचणीपर्यंत आणेल तिची ती. म्हणजे माझी किंवा एब्बाची.

एब्बा इथे तीन वर्षं आहे. एकतीस वर्षांची, तोंडभर तीळ, हसते तेव्हा कपबशा वाजतात. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, बरं झालं बाई आलीस, आता या दोन म्हाताऱ्यांसमोर माझ्या बाजूने बोलणारं कोणीतरी झालं. एक स्तुरे, आणि दुसरी मायकेन. हाडांच्या खोलीची स्वच्छता तिच्याकडे आहे आणि स्तुरेसुद्धा तिला घाबरतो. तिने मला आधी नळीत थुंकायला लावलं. इमारतीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाची थुंकी घेतात, नळ दुरुस्त करणाऱ्याचीही. तिचा डीएनए वाचून रजिस्टरमध्ये नोंदतात, म्हणजे हाडांत कोणाची भेसळ झाली तर चोर लगेच सापडतो. माझा नंबर एक्केचाळीस. मायकेन म्हणाली, इथे थुंकल्याशिवाय कोणी आपलं होत नाही.

मला इथे बरं वाटणार आहे.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

सफरचंदाचा केक खाली थोडा लागला, तरी सगळ्यांनी दोनदा घेतला. ऐकवलंही भरपूर.

हाडांच्या खोलीचे नियम कडक आहेत. सकाळी आंघोळ, धुतलेले कपडे आणि घरून थेट तिथेच. एकदा इमारतीच्या दुसऱ्या भागात पाऊल टाकलं की त्या दिवशी परत हाडांकडे जायचं नाही. आत अंगभर पांढरा पोशाख, हातमोज्यांचे दोन थर, तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी. माणसाचे फक्त डोळे दिसतात. तासाभराने स्वतःचाच श्वास ऐकू येऊ लागतो. मला ते आवडतं.

केकनंतर चिठ्ठ्या टाकल्या. दोनच कवट्या उरल्या आहेत, सतरा आणि एकवीस. कोणी कोणती घ्यायची यावर भांडणं नकोत म्हणून इथे कॉफीच्या डब्यातून चिठ्ठी उचलायची पद्धत आहे. दोघीही बायका, थडग्याच्या तोंडाशी एकत्र सापडलेल्या. एकवीस खाली उताणी आणि सतरा तिच्यावर पालथी, चेहऱ्यावर चेहरा, हात तिच्या जबड्याशी. एकवीसच्या दातांमागे बार्लीचे जळके दाणे होते. उत्खननातली मंडळी त्यांना बहिणीच म्हणतात. एक गेली, दुसरीने तिला वाटेसाठी घास भरवला आणि तीही तिथेच गेली, अशी स्तुरेची कथा आहे आणि सांगताना त्याचा आवाज अजून कापरा होतो.

मी सतरा उचलली. एब्बाला एकवीस.

गुरुवार, १९ सप्टेंबर

आज सतराच्या डाव्या कानामागच्या हाडाला भोक पाडलं. आतल्या कानाभोवतीचं हे हाड दगडासारखं घट्ट असतं, म्हणून डीएनए टिकला तर तिथेच टिकतो. ड्रिल लावलं की दाताच्या दवाखान्यातला वास येतो. चिमूटभर भुकटी मिळाली, पिठीसारखी पांढरी. एब्बा शेजारच्या टेबलावर एकवीसचं करत होती. मास्कमधून गुणगुणत होती, आणि तेही बेसूर.

घरी आल्यावर डाव्या कानात घरघर ऐकू येत होती. ड्रिलजवळ फार वेळ बसलं की होतं तसं. निकालाला दोन आठवडे लागतील.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

सतरा शून्य. प्रत्येक खेपेला आम्ही एक रिकामी नळीही मशीनमधून काढतो, कुठे भेसळ नाही ना ते बघायला. माझी भुकटी त्या रिकाम्या नळीपेक्षा रिकामी निघाली. मायकेन म्हणाली, चाळीस वर्षांत असं कोरडं हाड पाहिलं नाही, कोणीतरी चाटूनपुसून नेल्यासारखं.

एकवीसच्या भुकटीतला सत्तर टक्के डीएनए तिचा स्वतःचा. सत्तर! आणि ती या घराण्यातली नाहीच. सून म्हणून बाहेरून आलेली, आणि बाहेरून म्हणजे थेट त्या जर्मन किनाऱ्यावरून. दोऱ्याचा हरवलेला पल्ला म्हणजे ही बाई. स्तुरे खुर्चीवर चढला आणि त्याने लाल दोरा समुद्र ओलांडून एकेहेदच्या टाचणीला गुंडाळला. खाली उतरताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एब्बाने सगळ्यांच्या आधी मलाच मिठी मारली. म्हणाली, तुझ्या चिठ्ठीला माझा हात लागला असता तर हे तुझं असतं, नशिबाचा खेळ आहे गं.

हेच तर. नशिबाचाच खेळ आहे आणि ती तो जिंकून वर मला समजावते आहे. वहीशी खोटं कशाला बोलू? माझा जळफळाट झाला. मिठीत असताना तिच्या मानेच्या साबणाचा वास आला आणि तो वाससुद्धा मला सहन झाला नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर

आज मी मोजत बसले. स्तुरेने एब्बाला पहिला कप दिला. बनचा मधला, मऊ तुकडा तिला. फोटोवाला आला तेव्हा नकाशासमोर ती, आणि माझ्या हातात कोणाचा तरी कोट. शाळेत असतं हे, छत्तिसाव्या वर्षी लाज वाटायला हवी. वाटतेही. पण लाज वाटून पोटातलं दुखणं थांबत नाही.

खरं तर तिचं वागणं चांगलं आहे, हाच त्रास आहे. दुष्ट असती तर किती सोपं झालं असतं. आली काय, हसली काय, आणि चुलीजवळची जागा पटकावून बसली. कानामागून आली आणि तिखट झाली. आम्ही इथे पिढ्यान् पिढ्या

हे मी काय लिहिलं? एब्बा तीन वर्षांपासून आहे. कानामागून मी आले आहे. आणि कसली चूल?

थकवा असेल. डावा कान अजून घरघरतो.

बुधवार, ९ ऑक्टोबर

जे झालं ते नीट लिहिते.

एब्बाने पडताळणीसाठी एकवीसची दुसरी भुकटी काढली होती. मुलीला ताप आल्याचा तिला निरोप आला, म्हणून तिने मला वजन करून नळी बंद करायला सांगितलं. म्हणाली, दुसऱ्या कोणाला सांगितलं नसतं, तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. आणि गेली.

खोलीत मी एकटी. नळी उघडी. मी मास्क खाली ओढला, वाकले आणि तिच्यात श्वास सोडला. एकदा नाही, तीनदा. सावकाश, काचेवर वाफ धरावी तसा. मग झाकण लावलं, वजन लिहिलं, सही केली.

या धंद्यात याहून मोठं पाप नाही. चोरी केली असती तर स्तुरेने माफ केलं असतं.

विचार असा काही नव्हता. एवढंच वाटलं की तिचं ते स्वच्छ, सत्तर टक्के, हसरं यश थोडं तरी मळावं. घरी येताना सायकलवर गाणं म्हणत होते. जेवताना लक्षात आलं की रजिस्टर आहे. दोन आठवड्यांनी मशीन भेसळ दाखवेल आणि भेसळीवर माझा नंबर असेल, एक्केचाळीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सोमवार, १४ ऑक्टोबर

चोराच्या मनात चांदणं. मायकेनने माझं नाव घेऊन नुसतं तोरा अशी हाक मारली तर माझ्या हातून चमचा पडला. तिने विचारलं, रात्री झोपतेस ना गं, डोळे बघ कसे झालेत. सांगून टाकावं असं दोनदा तोंडावर आलं होतं. एकदा स्तुरेच्या दारापर्यंत गेलेही. आत एब्बा हसत होती. परत फिरले.

घरघर आता कानात नाही, कानामागे आहे. हाडात. बोट ठेवलं की जाणवते, कोणीतरी पलीकडून हळूहळू पोखरत असल्यासारखी. डॉक्टरने कानात बघून सांगितलं की आत सगळं छान आहे.

बुधवार, २३ ऑक्टोबर

निकाल आला. एकवीसमध्ये भेसळ आहे, एका बाईची. स्तुरेने सगळ्यांसमोर रजिस्टर लावलं. मी टेबलाची कड धरून उभी होते.

एक्केचाळीस नाही. रजिस्टरमधली कोणीच नाही.

सुटले असं म्हणेपर्यंत स्तुरेने पुढचं वाचलं. भेसळीतले तुकडे आखूड आहेत, टोकं झिजलेली. असं फक्त जुन्या मेलेल्या माणसाचं होतं. बाई इथल्याच किनाऱ्याची, शेतकरी येण्याआधीच्या शिकारी लोकांतली. स्तुरे आनंदाने ओरडायला लागला. त्याच्या मते ती सतराच असणार! एकमेकींवर कुजल्या, एकीचं दुसरीत झिरपलं. म्हणजे जुन्या लोकांतली एक बाई शेतकऱ्यांच्या घरात नांदत होती, आणि मग समुद्रापलीकडून दुसरी आली. दोघी एका थडग्यात. त्याच्या मते हे दोऱ्यापेक्षाही मोठं आहे. आणि सतरा माझी, म्हणून शोधही माझा. एब्बाने टाळ्या वाजवल्या.

पण पहिली भुकटी स्वच्छ होती. तेच हाड, तेच भोक. दुसऱ्या भुकटीत जास्तीचं काही गेलं असेल तर ते एकच.

माझा श्वास गेला होता तिच्यात. माझाच.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

स्तुरे म्हणतो सतराच्या हाडात असणारच, पुन्हा बघ. मी हातमोजे तीन थर घातले, मास्कवर मास्क लावला आणि उरलेली भुकटी नळीत भरली. त्याच खेपेत, रिकाम्या नळीच्या जागी, माझी आजची थुंकीही टाकली. कोणाला सांगितलं नाही.

डाव्या कानाने आता काही ऐकू येत नाही. तोल जातो. सायकल सोडली, चालत जाते. एब्बा घरी सूप घेऊन आली होती. मी दार उघडलं नाही. फटीतून बघत राहिले. जाताना तिने जिरेनियमला पाणी घातलं. माझ्या पायरीवरच्या माझ्या झाडाला. कोणी सांगितलं होतं तिला?

शनिवार, २ नोव्हेंबर

आज मृतांचा शनिवार. सगळे आपापल्या कबरींवर मेणबत्त्या लावायला गेले आणि एब्बाच्या डोक्यातून निघालं की आपल्या माणसांनाही लावू. दुपारी चौघं थडग्यावर गेलो. गवत ओलं होतं, मायकेनने माझा दंड धरला होता.

एब्बाने दोन मेणबत्त्या काढल्या. आधी एकवीससाठी लावली, मग सतरासाठी. तेवढ्यावरून माझ्या अंगाचा असा भडका उडाला की दिसेनासं झालं. आधी तिला. नेहमी आधी तिला. धान्य तिने आणलं म्हणून पहिला घास तिचा, कूस तिची पिकली म्हणून निजायची जागा तिची. सवत.

मी हे तोंडाने बोलले का, माहीत नाही. मायकेन माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, कोणाची सवत गं? तुझं तर लग्नही नाही झालं.

थडग्याचं तोंड बुटकं आहे, वाकून जावं लागतं. मला न बघता माहीत होतं की आत डावीकडे हात टेकायला खोबण आहे. हात घातला. आहे.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

निकाल दोन-तीन दिवस आधीच, आज सकाळी आले. मी एकटीच होते.

सतराच्या हाडात डीएनए आहे. सत्तर टक्के. ताजा, लांबलचक, टोकं शाबूत. रजिस्टर लावलं. एक्केचाळीस.

मग माझी थुंकी. चार भागांतले तीन भाग आखूड, झिजलेले. उरलेला एक भाग अजून मी. मशीनच्या मते मला मरून पाच हजार वर्षं झाली आहेत.

दोन्ही फायली पुसल्या. मशीन बिघडलं असं स्तुरेला सांगितलं. त्याचे ओठ हलत होते. उजव्या कानालाही आता लांबून ऐकू येतं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

कायमची जागा माझी.

स्तुरेने कागदावर लिहून दाखवलं, कारण मला ऐकू येत नव्हतं. एब्बाने स्वतः सुचवलं म्हणे. शोध तोराचा आहे, ती आजारी आहे, तिला आधार हवा, मी दुसरीकडे बघेन – असं. लेखावरही माझं नाव आधी. दोन महिन्यांपूर्वी मी यासाठी एक बोट तोडून दिलं असतं.

मी वाट बघितली. आता तरी पोटातली आग विझेल. हवं ते सगळं मिळालं, तिच्याकडून काढून मला मिळालं. आता कशाचा मत्सर?

कमी झाला नाही. कणभरही नाही. एब्बा नकाशासमोर उभी राहून डोळे पुसत हसत होती आणि मला तिच्या तोंडाशिवाय काही दिसत नव्हतं. तेव्हा कळलं. जो माझा होता तो कधीच संपला. हा माझा नाही.

बहिणी नव्हत्या त्या. आणि भरवत नव्हती. दाणे दाताआड कोंबत होती, मुठीने, तिचंच धान्य तिच्या घशात, आणि श्वास येऊ नये म्हणून तोंडावर तोंड – लोक बाहेर रडत होते, त्यांना वाटलं निरोप घेते आहे. ऊठ म्हणाले. दगड लावला तरी मी उठले नाही. ती अजून गरम होती.

मी नाही. सतरा. सतरा उठली नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आईकडे जायचं ठरवलं. बॅग भरली, स्टेशनकडे निघाले. भिंती धरत. चालले, चालले – मान वर केली तर एब्बाचं फाटक. खिडकीत ती, मुलीच्या केसांची वेणी घालत होती. माझी मूठ बंद होती. उघडली तर तिच्या अंगणातली माती.

पळाले. पडले. गुडघा फुटला.

एकच करता येईल. चिठ्ठी लिहिली – एब्बा, तुझ्या दुसऱ्या भुकटीत मी श्वास सोडला, मुद्दाम. जागा तुझी आहे. मला माफ करू नकोस. माझ्याजवळ येऊ नकोस, कोणत्याही कारणाने येऊ नकोस. तोरा. – तिच्या खणात टाकली. आता ती माझं तोंड बघणार नाही. कोण बघेल?

अक्षर हे असं का येतंय

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

हाडांच्या खोलीत. आतून कडी. ही वही आत आणली – मायकेन मारून टाकेल. पोशाख घातलाय. हात एकमेकांना टेपने बांधायचा प्रयत्न – एका हाताने होत नाही.

काहीच ऐकू येत नाही. फक्त श्वास. माझा आहे का, माहीत नाही.

सतराचं खोकं टेबलावर. उघडत नाही. आत मी आहे.

दाराच्या काचेत कोणीतरी. एब्बा. चिठ्ठी तिच्या हातात. जा. जा. मान हलवते आहे मी – जा –

रडते आहे ती. रागाने नाही. मला ओळखते ना ती – रागाने नाही –

मायकेनकडून चावी आणली. तिने कडी बाहेरून वर ढकलता येते, मला माहीत नव्हतं.

आत आली. नियमाने आली, पोशाख, टोपी, मास्क, सगळं. माझ्यापासून तीन हातांवर. बोलते आहे. मास्क हलतो. मी कानाला हात लावून खूण केली, ऐकू येत नाही, जा, ऐकू येत नाही –

तिला कळलं. चुकीचं कळलं. ओठ बघून कळावं म्हणून

मास्क काढला तिने. या खोलीत. माझ्यासाठी.

माफ केलं म्हणते. माफ केलं, माफ केलं – किती मोठं उघडते तोंड – पुढे येते आहे, हात पसरून – एब्बा, नको – माझ्या हातात पेन आहे तोवर हात इथे आहेत, या वहीवर, लिहीत राहिलं पाहिजे, लिहीत राहिले तर – तिने माझा हात धरला – पेन बाजूला ठेव म्हणते – ठेव गं – ठे